पहिल्यांदा मैदान आखणारा माणूस : सर दोराबजी टाटा



दिवाळी झाली, धान कापणी-मळणी आटोपत आली की आपल्या भंडारा जिल्ह्यात क्रीडा संमेलनांची धांदल सुरू होते. आधी शाळा, मग केंद्र, मग तालुका, मग जिल्हा. एखाद्या केंद्रात यजमानपद अशा शाळेकडे येतं की जिथे दोनच शिक्षक आहेत आणि दोघांनीही याआधी कधी स्पर्धा भरवलेली नाही. मैदान कुठलं घ्यायचं, फक्की किती लागेल, घड्याळ कोण धरणार, पंच कोण, जेवणाचं काय, हरलेल्या मुलाचे पालक भांडायला आले तर काय, असे शंभर प्रश्न. अशा वेळी आपल्याला वाटतं की हे सगळं मोठ्या शहरातल्या, पैसेवाल्या लोकांचं काम आहे.

म्हणून आजच्या पाठात एका अशा माणसाची ओळख करून घेऊ, ज्याने आपल्या देशात अनेक गोष्टी पहिल्यांदाच भरवल्या. मुंबईच्या शाळांच्या सामूहिक क्रीडा स्पर्धांसाठी त्याने संघटना बांधली. भारताचा पहिला ऑलिंपिक संघ उभा केला. आणि याच माणसाने आपल्या शेजारच्या नागपुरात गिरणीचं काम शिकलं. ते म्हणजे सर दोराबजी टाटा. टाटा हे नाव मुलांना माहीत असतं, पण मिठाच्या पुड्यावरून आणि गाडीवरून. मैदानावरचे टाटा त्यांना माहीत नसतात.

बालपण आणि शिक्षण

दोराबजींचा जन्म २७ ऑगस्ट १८५९ रोजी मुंबईत एका पारशी कुटुंबात झाला. वडील जमशेटजी टाटा आणि आई हिराबाई. दोराबजी हे थोरले. धाकटे भाऊ रतनजी त्यांच्यापेक्षा बरेच लहान, १८७१ साली जन्मलेले.

सुरुवातीचं शिक्षण मुंबईत झालं. १८७५ साली, म्हणजे सोळाव्या वर्षी, वडिलांनी त्यांना इंग्लंडला पाठवलं. केंट परगण्यात एका खाजगी शिक्षकाकडे राहून ते शिकले आणि मग १८७७ मध्ये केंब्रिज विद्यापीठाच्या गॉनव्हिल अँड कीज कॉलेजात दाखल झाले. तिथे ते दोन वर्षं होते. पदवी तिथे घेतली नाही, पण मैदान मात्र मनापासून घेतलं. क्रिकेट, फुटबॉल, टेनिस, नौका वल्हवणं, धावणं, घोडेस्वारी, जे दिसेल ते खेळले. क्रिकेट आणि फुटबॉलमध्ये कॉलेजच्या संघात मान मिळवला.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. त्या काळच्या इंग्रजी शिक्षणात खेळ हा अभ्यास संपल्यावरचा वेळ घालवायचा प्रकार नव्हता. खेळाला नियम होते, तारखा होत्या, नोंदवह्या होत्या. कोणत्या साली कोण किती सेकंदांत धावला याची नोंद राहत होती. वीस वर्षांच्या त्या तरुणाने खेळासोबत ही शिस्तही पाहिली आणि ती डोक्यात पक्की बसली.

१८७९ मध्ये ते परत आले. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजातून १८८२ साली बी.ए. झाले.

वर्तमानपत्रातून नागपूरच्या गिरणीत

एवढ्या मोठ्या घरचा मुलगा, पण शिकून आल्याबरोबर वडिलांच्या खुर्चीशेजारी बसला नाही. दोन वर्षं त्यांनी 'बॉम्बे गॅझेट' या वर्तमानपत्रात पत्रकार म्हणून काम केलं. १८८४ मध्ये वडिलांच्या कापूस व्यवसायात आले. आधी त्यांना पाँडिचेरीला पाठवलं, तिथे गिरणी काढणं परवडेल का हे पाहायला. त्यानंतर नागपूरला, एम्प्रेस मिलमध्ये धंदा शिकायला.

एम्प्रेस मिल आपल्याकडच्या कितीतरी घरांना माहीत आहे. १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजींनी ती सुरू केली. मुंबई सोडून नागपुरात गिरणी काढतो म्हणून त्यांना लोकांनी वेड्यात काढलं होतं. पण कापूस जवळ, कोळसा आवाक्यात आणि रेल्वे दारात, हा हिशोब त्यांचा बरोबर निघाला. कामगारांसाठी निवृत्तिवेतनाचा फंड या गिरणीने १८८६ मध्येच सुरू केला. बेझनजी मेहता हे तिथले कर्तबगार व्यवस्थापक. त्यांच्या हाताखाली दोराबजी शिकले. मालकाच्या मुलाने दुसऱ्याच्या हाताखाली शिकायचं, ही गोष्ट आपण पालकांनीही जरा थांबून वाचावी अशी आहे.

मुंबईच्या शाळांची पहिली संघटना

आता मूळ विषयाकडे येऊ. इंग्लंडहून आल्यावर दोराबजींना एक गोष्ट खटकत होती. आपल्याकडे खेळ नव्हते असं नाही. कुस्ती होती, मल्लखांब होता, आट्यापाट्या, हुतूतू, खो-खो होतं. पण शाळेतल्या मुलांना दुसऱ्या शाळेतल्या मुलांशी ठरलेल्या नियमांनी, ठरलेल्या दिवशी खेळायला मिळेल अशी सोय नव्हती. गोल्फ, पोलो, टेनिस असले खेळ साहेबांच्या क्लबात कुंपणाच्या आत चालायचे आणि तिथे आपल्या मुलांना कोणी येऊ देत नव्हतं.

दोराबजींनी काही इंग्रज मित्रांची मदत घेतली आणि मुंबईतल्या अनेक शाळा एकत्र आणून हायस्कूलांची एक क्रीडा संघटना उभी केली. तिचं सरचिटणीसपद स्वतःकडे घेतलं. सरचिटणीस म्हणजे काय हे आपल्याला सांगायला नको. अध्यक्ष हार घालून घेतो, आणि सरचिटणीस पत्रं लिहितो, मैदान मागतो, वेळापत्रक लावतो, तक्रारी ऐकतो.

त्यांनी सुरुवात क्रिकेटपासून केली. सगळे खेळ एकदम घेतले नाहीत. क्रिकेटची घडी बसल्यावर मग धावणं, उड्या, फेक असे मैदानी प्रकार घेतले. आणि त्याचा नमुना म्हणून इंग्लंडमध्ये विद्यापीठांच्या सामन्यात जे प्रकार असायचे, जवळपास तेच सगळे मुंबईच्या शाळकरी मुलांसाठी ठेवले. मुलं लहान आहेत, गरीब आहेत, काळी आहेत म्हणून त्यांच्यासाठी सोपं आणि अर्धवट काहीतरी ठेवू, असा विचार त्यांनी केला नाही.

अजब बंगल्यातला नकाशा

दोराबजींचं नाव इतिहासात मुख्यतः पोलादासाठी घेतलं जातं. तो भाग थोडक्यात पाहू, कारण तोही आपल्याच भागातून जातो.

जमशेटजींना भारतात पोलादाचा कारखाना काढायचा होता. त्यासाठी चांदा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या चंद्रपूरकडे लोहारा भागात शोध चालला होता. लोखंड होतं, पण त्याला जोडीचा योग्य कोळसा मिळेना. १९०३ च्या सुमारास हा शोध सोडून द्यावा असा विचार झाला आणि ते कळवायला दोराबजी नागपूरच्या साहेबांकडे, म्हणजे मध्य प्रांताच्या सरकारी कचेरीत गेले. ज्यांना भेटायचं ते जागेवर नव्हते. आता वाट पाहत बसण्यापेक्षा म्हणून दोराबजी जवळच्या वस्तुसंग्रहालयात शिरले. हेच आपलं नागपूरचं अजब बंगला, जिथे आपण सहली नेतो. तिथे भिंतीवर मध्य प्रांताचा भूगर्भशास्त्रीय नकाशा होता आणि त्यात दुर्गचा भाग लोखंडासाठी गडद रंगाने दाखवला होता. दोराबजी थबकले. शोध पुन्हा सुरू झाला आणि त्यातून दल्ली-राजहराच्या लोखंडी डोंगरांपर्यंत माणसं पोहोचली. नागपूरहून दुर्गकडे जाणारी रेल्वे आपल्या भंडारा रोड आणि तुमसर रोड स्टेशनवरूनच जाते.

कारखाना मात्र शेवटी तिथे झाला नाही. मयूरभंज संस्थानात आणखी सोयीचं लोखंड सापडलं आणि साकची या गावी कारखाना उभा राहिला. तेच आजचं जमशेदपूर. जमशेटजी १९ मे १९०४ रोजी जर्मनीत वारले. कंपनी १९०७ मध्ये दोराबजींनी उभी केली. भांडवलासाठी लोकांना हाक दिली तेव्हा तीन आठवड्यांत सुमारे आठ हजार भारतीयांनी पैसे दिले. १९१२ मध्ये पोलाद बाहेर पडलं. १९१० साली त्यांना 'सर' हा किताब मिळाला होता.

या सगळ्यात एक गोष्ट आपल्या विषयाची आहे. कारखान्याची जागासुद्धा ठरली नव्हती तेव्हा, १९०२ मध्ये, जमशेटजींनी मुलाला पत्र लिहून कामगारांच्या गावाचा आराखडा सांगितला होता. रस्ते रुंद असावेत, लवकर वाढणाऱ्या सावलीच्या झाडांच्या रांगा असाव्यात, फुटबॉल आणि हॉकीसाठी मोठाल्या जागा राखून ठेवाव्यात, आणि सगळ्या धर्मांच्या प्रार्थनास्थळांना जागा असावी, असा त्याचा आशय होता. म्हणजे भट्टी पेटायच्या आधी मैदान कागदावर आलं होतं. आपल्याकडे शाळेला नवी खोली मंजूर झाली की पहिला घास मैदानाचाच घेतला जातो. त्यावेळी शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत ही गोष्ट सांगण्यासारखी आहे.

पुण्याचं मैदान, १९१९

पुण्यात १९०६ मध्ये डेक्कन जिमखाना ही संस्था सुरू झाली होती. देशी आणि परदेशी दोन्ही खेळ वाढवावेत हा तिचा हेतू. १९१९ साली जिमखान्याने मैदानी स्पर्धांसाठी दोराबजींना अध्यक्ष म्हणून बोलावलं. तेव्हा त्यांचं वय साठ होतं.

ते गेले आणि पाहतात तर स्पर्धक बहुतेक शेतकऱ्यांची मुलं. दिवसभर शेतात राबणारी, साधी भाकरी खाणारी. पायात काही नाही. युरोपातले नियम, सराव, आहार यातलं त्यांना कोणी काही शिकवलेलं नव्हतं. मैदान लहान, गवताळ आणि रोलर न फिरवलेलं, उंचसखल. आणि संयोजकांनी १०० यार्डांची शर्यत वळणावरून घ्यायची असं ठरवलं होतं, तीसुद्धा दोऱ्या न बांधता.

यात बिघडलं काय, असं आपल्यापैकी काहींना वाटेल. बघा, १०० यार्ड म्हणजे सुमारे ९१ मीटर. एवढी छोटी शर्यत वळणावर आणि पट्टे न आखता घेतली तर आतल्या बाजूचा मुलगा कमी धावतो आणि बाहेरचा जास्त. आज धावपट्टीचा एक पट्टा १.२२ मीटर रुंद धरतात. अर्धवर्तुळाकार वळण असेल तर प्रत्येक बाहेरच्या पट्ट्याला साधारण पाय गुणिले १.२२, म्हणजे जवळपास ३.८ मीटर अंतर जास्त पडतं. चौथ्या पट्ट्यातल्या मुलाला पहिल्यापेक्षा अकरा मीटरहून जास्त. तो हरला तर पायामुळे हरला की आखणीमुळे हरला? आणि दोऱ्या नसल्या तर सगळे आतल्या बाजूला घुसतात, धक्काबुक्की होते, आणि दांडगा मुलगा जिंकतो.

दोराबजींना हे लगेच दिसलं, कारण ते स्वतः धावलेले होते. पण त्यांना दुसरीही एक गोष्ट दिसली, आणि माझ्या मते त्यांचं मोठेपण तिथेच आहे. कच्चं मैदान, चुकीची आखणी, अनवाणी पाय असं सगळं असताना त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. लांब पल्ल्याच्या शर्यतीला, जी पुण्याच्या रस्त्यांवरून सुमारे २५ मैल धावायची होती, लोकांची मोठी गर्दी होती. त्यात काही धावकांनी दिलेली वेळ परदेशातल्या चांगल्या धावकांच्या जवळ जाणारी होती.

दुसरा कोणी असता तर संयोजकांना चार गोष्टी सुनावून, बक्षिसं वाटून मुंबईला गेला असता. दोराबजींनी मुलांच्या पायातली ताकद आणि मैदानातली उणीव या दोन गोष्टी वेगवेगळ्या करून पाहिल्या. उणीव मैदानाची आहे आणि ती भरून काढणं मोठ्या माणसांचं काम आहे, हे त्यांनी ओळखलं. स्पर्धेला मुंबईचे गव्हर्नर जॉर्ज लॉइड हजर होते. पुढच्याच वर्षी बेल्जियममध्ये अँटवर्पला ऑलिंपिक होणार होतं. ही मुलं तिथे का जाऊ नयेत, हा विषय दोराबजींनी गव्हर्नरांपुढे काढला.

सहा जणांचा संघ

त्याआधी १९०० साली नॉर्मन प्रिचर्ड हे पॅरिसला धावले होते आणि त्यांची पदकं भारताच्या नावावर लागतात. पण ते एकटे गेले होते. संघ निवडून, तयारी करून पाठवायची ही पहिलीच वेळ. देश तेव्हा स्वतंत्रही नव्हता. त्यामुळे आधी आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीची परवानगी मिळवणं आलं. लॉइड यांनी लंडनमार्फत ते काम करून दिलं. दोराबजींनी समिती नेमली आणि १९२० मध्ये पुण्याला निवड चाचण्या ठरवल्या.

अनुभव किती कमी होता याची एक आठवण सांगितली जाते. १०० मीटर धावण्यासाठी किती वेळाची अट ठेवायची, असं विचारल्यावर जिमखान्यातल्या एका ज्येष्ठ माणसाने मिनिटांत उत्तर दिलं. हा हिशोब सेकंदांचा आणि सेकंदाच्याही भागांचा असतो हे ऐकून ते चकित झाले. यात हसण्यासारखं काही नाही. ज्याने स्टॉपवॉच कधी हातात धरलं नाही त्याला हे कसं कळणार? महत्त्वाचं हे की कोणीतरी विचारलं, कोणीतरी सांगितलं आणि काम पुढे गेलं.

चार धावक आणि दोन पहिलवान निवडले गेले. धावकांत बंगालचे पुरमा बॅनर्जी, बेळगावचे फडेप्पा चौगुले, सदाशिव दातार आणि एच. डी. कैकाडी. कुस्तीसाठी कुमार नवले आणि कोल्हापूरचे रणधीर शिंदे. व्यवस्थापक म्हणून सोहराब भूत. सरकारने थोडी मदत दिली, लोकवर्गणी थोडी जमली आणि बाकीचा मोठा भार दोराबजींनी स्वतःच्या खिशातून उचलला. संघ जूनमध्ये बोटीने निघाला. आधी इंग्लंडमध्ये काही आठवडे इंग्रज प्रशिक्षकाच्या हाताखाली सराव केला आणि मग अँटवर्पला गेला.

पदक मिळालं नाही. बॅनर्जी ४०० मीटरच्या पहिल्याच फेरीत बाहेर पडले. दातारांना मॅरेथॉन पूर्ण करता आली नाही. पण फडेप्पा चौगुले ४२.७५ किलोमीटरची ती मॅरेथॉन २ तास ५० मिनिटं ४५ सेकंदांत धावून एकोणिसावे आले. त्या वर्षीची मॅरेथॉन ऑलिंपिकच्या इतिहासातली सगळ्यात लांब होती. रणधीर शिंदे यांनी फेदरवेट कुस्तीत चौथा क्रमांक मिळवला, म्हणजे कांस्यपदकापासून एका कुस्तीने मागे राहिले. आपल्या मातीतल्या कुस्तीगिराने पहिल्यांदाच मॅटवर जाऊन हे केलं. पुढे १९५२ मध्ये हेलसिंकीला कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी कांस्यपदक आणलं, तेव्हा त्या वाटेवर बत्तीस वर्षांपूर्वीची शिंद्यांची पावलं उमटलेली होती.

दुसऱ्या वेळी काय बदललं

पहिल्या संघात एक उणीव होती आणि ती आपण मान्य करायला हवी. निवड पुण्यात झाली, त्यामुळे बहुतेक खेळाडू दख्खनचे होते. पंजाब, मद्रास, संयुक्त प्रांत, आपला मध्य प्रांत इथल्या मुलांपर्यंत निरोप नीट पोहोचलाच नाही. अखिल भारतीय म्हणावा असा तो संघ नव्हता.

दोराबजी तेव्हा आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे भारतातले पहिले सदस्य झाले होते. १९२० ते १९३० हे पद त्यांच्याकडे होतं. पुढच्या ऑलिंपिकची तयारी करताना त्यांनी वायएमसीए या संस्थेच्या शारीरिक शिक्षणाच्या माणसांची साथ घेतली. मद्रासला शारीरिक शिक्षणाचं कॉलेज काढणारे हॅरी बक आणि त्यांचे सहकारी ए. जी. नोहरेन यांनी प्रांताप्रांतात क्रीडा संघटना उभ्या करण्याचं काम केलं. आधी प्रांतात स्पर्धा, तिथले विजेते मग फेब्रुवारी १९२४ मध्ये दिल्लीला. दिल्लीची ही स्पर्धा म्हणजेच पुढच्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांची सुरुवात मानली जाते. तिथून निवडलेला संघ बक यांच्या देखरेखीखाली पॅरिसला गेला.

शाळा, केंद्र, तालुका, जिल्हा ही आपली आजची शिडी आठवा. खालून वर निवड करायची ही तीच पद्धत आहे.

१९२७ मध्ये भारतीय ऑलिंपिक संघटना स्थापन झाली. दोराबजी पहिले अध्यक्ष आणि नोहरेन सचिव. लगेच १९२८ मध्ये दोराबजींनी अध्यक्षपद सोडलं आणि ते पतियाळाच्या महाराजा भूपिंदर सिंगांकडे गेलं. त्याच वर्षी अ‍ॅमस्टरडॅमला जयपाल सिंग आणि ध्यानचंद यांच्या हॉकी संघाने भारताला पहिलं सुवर्ण मिळवून दिलं. आयुष्यभर जे उभं केलं त्याला फळ आलं तेव्हा दोराबजी खुर्चीवर नव्हते.

मेहेरबाई आणि शेवटची वर्षं

दोराबजींच्या पत्नी मेहेरबाई या म्हैसूर संस्थानातले शिक्षण अधिकारी होरमसजी भाभा यांच्या कन्या. शास्त्रज्ञ होमी भाभा यांच्या त्या आत्या. साडी नेसून टेनिस खेळायच्या आणि जिंकायच्या. बालविवाहाच्या विरोधात आणि मुलींच्या शिक्षणासाठी त्यांनी काम केलं. मुलगी साडीत कशी धावेल म्हणून तिला खो-खोच्या संघातून वगळणाऱ्या घरात मेहेरबाईंचा फोटो दाखवायला हरकत नाही.

१९२४ हे वर्ष फार कठीण होतं. एकीकडे दिल्लीच्या स्पर्धा आणि पॅरिसचा संघ, दुसरीकडे पोलादाचा कारखाना बुडायच्या बेतात. कामगारांचे पगार द्यायलाही पैसे अपुरे होते. तेव्हा दोराबजींनी स्वतःची सगळी संपत्ती आणि मेहेरबाईंचे दागिने इंपीरियल बँकेकडे गहाण ठेवून एक कोटी रुपयांचं कर्ज काढलं. त्यात त्यांचा प्रसिद्ध ज्युबिली हिराही होता. तो कोहिनूरच्या दुपटीहून मोठा, २४५ कॅरेटचा. कारखाना वाचला.

१९३१ मध्ये मेहेरबाई रक्ताच्या कर्करोगाने गेल्या. त्यांना मूलबाळ नव्हतं. दोराबजींनी पत्नीच्या नावाने रक्ताच्या कर्करोगावरील संशोधनासाठी निधी ठेवला आणि आपली जवळपास सगळी मालमत्ता विश्वस्त निधीला देऊन टाकली. पत्नीची समाधी इंग्लंडमध्ये ब्रुकवुडला होती. तिथे जायला ते निघाले, पण वाटेत जर्मनीत ३ जून १९३२ रोजी त्यांचं निधन झालं. वडीलही जर्मनीतच गेले होते. दोराबजींना मेहेरबाईंच्या शेजारीच चिरविश्रांती मिळाली. त्यांच्या निधीतून पुढे मुंबईचं टाटा कॅन्सर रुग्णालय उभं राहिलं. आपल्या भागातून कितीतरी रुग्ण आज तिथे जातात.

आपल्या शाळेसाठी यातून काय घ्यायचं

दोराबजींचं चरित्र श्रीमंतीमुळे आपल्यापासून दूर वाटू शकतं. पण त्यांनी केलेल्या कामाचा मोठा भाग पैशाविना होणारा आहे.

पहिलं, एका खेळापासून सुरुवात. पहिल्यांदाच यजमानपद असेल तर वीस प्रकार ठेवून सगळेच अर्धवट करण्यापेक्षा सहा-सात ठेवा आणि ते वेळेवर घ्या.

दुसरं, आखणी आधी. आदल्या दिवशी टेप, सुतळी आणि फक्की घेऊन चौघांनी मैदानावर उतरायचं. छोटी शर्यत सरळ रेषेतच. पट्टे सारख्या रुंदीचे. वळणावरची शर्यत असेल तर सुरुवातीच्या रेषा मोजून पुढे-मागे. ही आखणी सातवी-आठवीच्या मुलांकडून करून घेतली तर परिघाचा धडा वेगळा शिकवावा लागत नाही.

तिसरं, नोंद ठेवा. पहिला-दुसरा-तिसरा लिहून वही मिटवू नका. किती सेकंद, किती मीटर तेही लिहा. पुण्याच्या त्या मुलांची वेळ कोणी मोजलीच नसती तर ती चांगली आहे हे दोराबजींनाही कळलं नसतं. आपल्या लाखांदूर-पवनीच्या एखाद्या मुलीची वेळ राज्याच्या जवळ जाणारी असेल, आणि घड्याळ कोणी लावलं नाही म्हणून ती प्रमाणपत्र घेऊन घरी जात असेल.

चौथं, निरोप सगळ्यांपर्यंत. जंगलकाठच्या टोलीवरची वस्तीशाळा, एकशिक्षकी शाळा, तिथल्या मुलांना न्यायला गाडी नाही म्हणून ती स्पर्धेत नसतात. तो संघ मग केंद्राचा नसतो, रस्त्याकाठच्या शाळांचा असतो. १९२० आणि १९२४ मधला फरक नेमका हाच होता.

पाचवं, पोर अनवाणी आलं म्हणून त्याला बाजूला बसवू नका. धानाच्या बांध्यांवरून तोल सांभाळत रोज धावणाऱ्या पायांना सराव नाही असं म्हणता येत नाही. बूट मिळवून देणं ही आपली जबाबदारी, आणि ते मिळेपर्यंत त्याची शर्यत थांबू नये.

वर्गात विचारायचे प्रश्न आणि उपक्रम

१. दोराबजींनी मुंबईच्या शाळांसाठी आधी कोणता खेळ घेतला? सगळे खेळ एकदम का घेतले नसावेत?

२. पुण्यात १०० यार्डांची शर्यत वळणावर घेणं अन्यायाचं का ठरलं असतं? आकृती काढून सांगा.

३. नकाशात नागपूर, भंडारा रोड, तुमसर रोड, दुर्ग, दल्ली-राजहरा आणि जमशेदपूर दाखवा.

४. पहिल्या ऑलिंपिक संघातील सहा खेळाडूंची नावं आणि खेळ यांचा तक्ता करा.

५. उपक्रम : चार-चारच्या गटांत शाळेच्या अंगणात ५० मीटरचे चार सरळ पट्टे सुतळी आणि फक्कीने आखा. प्रत्येक मुलाची व मुलीची वेळ मोजून वहीत लिहा. महिन्याने पुन्हा मोजा. कोणाचा नंबर आला यापेक्षा कोणाची वेळ किती सुधारली ते फलकावर लावा.

६. पालकांसाठी : आपल्या गावात मैदान म्हणून नोंद असलेली जागा किती आहे आणि आज त्यावर काय उभं आहे, हे मुलासोबत जाऊन पाहा.